आठवीची तयारी आणि बारावीनंतरचा प्रवेश

(जरीपटका, नागपूर येथे आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जरीपटका म्हणजे मराठी फौजेचे निशाण. त्या नावाच्या या भूमीवर फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे वसली. घर, दुकान, शेती, देवघर सारे मागे राहिले. सीमेपलीकडून आणता आले ते अंगावरचे कपडे आणि डोक्यातले ज्ञान. त्या पिढीने ही गोष्ट अचूक ओळखली होती. कराचीच्या दयाराम जेठमल सिंध महाविद्यालयातील प्राध्यापक निर्वासित म्हणून मुंबईला आले आणि १९४८ साली, म्हणजे अवघ्या वर्षभरात, त्यांनी जयहिंद महाविद्यालय उभे केले. रेशनकार्ड, निवारा, रोजगार यांची भ्रांत असताना ज्यांनी आधी महाविद्यालय काढले, त्यांच्या वंशजांपुढे शिक्षणाचे महत्त्व सांगणे म्हणजे गंगेला पाणी नेऊन घालण्यासारखे आहे. ते मी करणार नाही. मी आज केवळ एका प्रश्नाचा विचार आपल्यापुढे मांडणार आहे. गेल्या काही वर्षांत पालकांच्या भेटीत हाच प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला गेला : "मुलगा आठवीत गेला आहे. आयआयटीचा, नीटचा क्लास आताच लावावा का?"

या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एक तयारी आणि दुसरी शिकवणी. तयारी आठवीपासून करावी, किंबहुना त्याआधीही करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकवणीबद्दलचे माझे मत तितकेच स्पष्ट आहे आणि ते नेमके उलट आहे. हे दोन्ही कसे, ते क्रमाने सांगतो.

प्रथम आपल्या दाराशी काय आहे ते पाहू. आपण कोटा, दिल्ली, हैदराबाद यांच्या गोष्टी करतो. पण जरीपटक्याहून दुचाकीवर तासाभरात पोहोचता येईल अशा अंतरात देशभरातले विद्यार्थी ज्या दारांवर रांगा लावतात ती दारे आहेत. १९६० साली स्थापन झालेले आणि २००२ पासून राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेचा दर्जा मिळालेले विश्वेश्वरय्या संस्थान, म्हणजे व्हीएनआयटी. १९४७ चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. मिहानमधील एम्स, जिथे २०१८ साली पहिली तुकडी दाखल झाली. राष्ट्रीय विधी विद्यापीठ, भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था. आणि लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, जी २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली. या शेवटच्या संस्थेविषयी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आपल्या शेजारच्या कामठीचे खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती तांत्रिक शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला मृत्युपत्राने दिली आणि त्यातून १९४२ साली ही संस्था उभी राहिली. व्यापाऱ्याचा पैसा कुठे जातो, याचे हे एक उदाहरण या वस्तीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता व्हीएनआयटीतील निम्म्या जागा महाराष्ट्रातून बारावी झालेल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील पंच्याऐंशी टक्के जागा राज्याच्या वाट्याच्या असतात. हे ठाऊक नसल्यामुळे काही कुटुंबे मुलाला अकरावीलाच परराज्यात धाडतात, तिथूनच बारावी करवतात आणि नंतर कळते की 'गृहराज्य' बदलले. चांगल्या हेतूने केलेल्या खर्चातून मुलाचा हक्क गेला. तयारीचा पहिला भाग हा असा, अगदी साध्या माहितीचा आहे.

स्पर्धा किती आहे हेही न लपवता सांगितले पाहिजे. २०२४ साली जेईई ॲडव्हान्स्ड या परीक्षेचे दोन्ही पेपर १,८०,२०० विद्यार्थ्यांनी दिले, ४८,२४८ पात्र ठरले आणि तेवीस आयआयटींमध्ये मिळून जागा होत्या १७,७४०. ॲडव्हान्स्डला बसण्याचा अधिकार मिळवण्यासाठीच आधी जेईई मेनमधून अडीच लाखांत यावे लागते. त्याच वर्षी नीट दिली सुमारे तेवीस लाखांनी. हे आकडे पाहून पालकांच्या पोटात गोळा येतो, आणि भीती जिथे असते तिथे दुकान लागतेच. आठवीच्या मुलासाठी 'फाउंडेशन' नावाचा अभ्यासक्रम विकला जातो तो या भीतीच्या जोरावर.

परंतु आठवी-नववीच्या मुलाला अकरावीचे कलनशास्त्र शिकवून तो पुढे जातो काय? मी अनेक वर्षे अकरावी-बारावीला गणित शिकवले. वर्गात मागे पडणारी मुले कलनात मागे पडत नाहीत. ती अपूर्णांकात, बीजगणितातील चिन्हांत, समीकरण मांडण्यात मागे पडतात. शाब्दिक उदाहरण वाचून त्यातील अज्ञात राशी कोणती, हे ज्याला ठरवता येत नाही, त्याला अवकलनाचे सूत्र पाठ असून काय उपयोग? आपल्या राज्य मंडळाच्या नववी-दहावीच्या गणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, समरूपता, वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती हे सारे आहे. विज्ञानात गुरुत्वाकर्षण आहे, विद्युतधारेचे परिणाम आहेत, प्रकाशाचे अपवर्तन आहे, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण आहे. जेईई आणि नीट यांचा पाया याहून वेगळा नाही. तो आपल्या घरात, दप्तरात, शासनाने छापलेल्या पुस्तकात आहे. दुर्दैव असे की दहावीपर्यंत आपण हे पुस्तक गुणांसाठी वाचतो आणि 'अपेक्षित प्रश्नसंच' पाठ करून नव्वद टक्के मिळवतो. मग अकरावीच्या पहिल्या चाचणीत त्याच मुलाला पंचवीसपैकी सहा मिळतात आणि घरात सुतक आल्यासारखे होते.

तेव्हा आठवी ते दहावी या तीन वर्षांत काय करावे? माझी सूचना अशी आहे की दररोज एक उदाहरण असे सोडवावे, ज्याची रीत कोणी सांगितलेली नाही. एकच, पण त्यावर अर्धा तास झुंजावे. सुटले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याशी गाठ. उत्तर पाहण्याची घाई नको. ज्या प्रवेशपरीक्षांचे नाव घेऊन आपण घाबरतो, त्या परीक्षा अंतिमतः हीच एक गोष्ट तपासतात की अनोळखी प्रश्नासमोर मूल किती वेळ शांत बसू शकते. ती शांती अकरावीत एकाएकी येत नाही. आठवीत तिच्यासाठी वेळ असतो, कारण तिथे हरण्याची किंमत शून्य असते. अशी उदाहरणे कुठे मिळतील, असे विचाराल तर मुंबईत मानखुर्द येथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. देशातील विज्ञान आणि गणित ऑलिंपियाडचे काम तेथून चालते आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका विनामूल्य उपलब्ध असतात. गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी आठवीच्या मुलालाही देता येते. तेथे निवड व्हावी हा उद्देश ठेवू नये. प्रश्न कसा असतो हे कळावे, एवढाच ठेवावा. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा, मुंबईच्या विज्ञान अध्यापकांच्या मंडळाकडून सहावी आणि नववीसाठी घेतली जाणारी होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा, आठवीतील आर्थिक दुर्बल घटकांसाठीची एनएमएमएस शिष्यवृत्ती, याही त्याच वाटेवरच्या धर्मशाळा आहेत. त्यांतल्या एक-दोन निवडाव्यात. साऱ्याच परीक्षांचे अर्ज भरले तर रविवार नावाचा वार मुलाच्या आयुष्यातून नाहीसा होईल.

दुसरी तयारी चुकांची. प्रत्येक विषयाला एक वेगळी वही असावी, आणि तिच्यात केवळ चुकलेली उदाहरणे लिहावीत : चूक कुठे झाली, का झाली. चिन्ह चुकले, प्रश्न नीट वाचला नाही, की संकल्पनाच कळली नव्हती? या तीन प्रकारच्या चुकांवर उपाय तीन वेगळे आहेत. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक गुण वजा. तेथे घाईने गेलेले गुण अज्ञानाने गेलेल्या गुणांइतकेच जातात. याउलट आपल्या राज्याच्या एमएचटी-सीईटीत वजा गुण नाहीत, पण गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आहेत आणि वेग लागतो. शिवाय तेथे सुमारे वीस टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाचा असतो. जेईईत तर अकरावीचा भार जवळजवळ अर्धा असतो. 'अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष' ही आपल्याकडील जुनी समजूत किती महाग पडते, हे यावरून ध्यानात यावे.

येथे दुकानाविषयी थोडे बोलतो, कारण समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा व्यापार आहे. शाळेतून आलेला मुलगा संध्याकाळी गल्ल्यावर बसतो, याची अनेकांना आता लाज वाटू लागली आहे. वाटू देऊ नका. कागद-पेन्सिलीशिवाय सूट, कर, नफा, शिल्लक यांचा हिशेब करणारा मुलगा अंदाज बांधायला शिकतो, आणि उत्तर साधारण किती यावे हे आधी ठाऊक असणे ही मोठी शक्ती आहे. दुकानात एक तास जरूर बसू द्या. चार तास मात्र नको.

तिसरी तयारी भाषेची आहे आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. जेईई मेन आणि नीट या परीक्षा तेरा भाषांमध्ये होतात, त्यांत मराठी आहे, सिंधी नाही. जेईई ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत होते. नीट २०२५ मध्ये १८० प्रश्न १८० मिनिटांत सोडवायचे होते, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. त्यातले निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, वाचून समजून घेण्याचे. वाचनाचा वेग ज्याला नाही त्याचे ज्ञान कागदावर उतरत नाही. आणि वाचनाचा वेग कोणत्याही क्लासात मिळत नाही, तो घरी पुस्तक वाचूनच येतो. घरी सिंधी, रस्त्यावर हिंदी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी अशा चार भाषांमध्ये वाढणारे आपले मूल प्रत्यक्षात श्रीमंत आहे. मात्र एका भाषेत तरी त्याने जाड पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले असले पाहिजे.

चिंतामणराव देशमुखांचे नाव आपण रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून घेतो. त्यांचे बालपण रायगड जिल्ह्यात गेले, आणि १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले, तेव्हा त्यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. संस्कृतची! पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी अभ्यास केला तो निसर्गविज्ञानाचा, पारितोषिक मिळवले वनस्पतिशास्त्रात आणि १९१८ साली आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक पटकावला. त्यांच्या सनदी सेवेची बरीच वर्षे आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात गेली. शाळेत असताना त्यांना कोणी 'आयसीएस फाउंडेशन'ला घातले नव्हते. एका विषयात खोल जाण्याची सवय शाळेत लागली. विषय पुढे बदलत गेले, सवय राहिली.

आता शिकवणीकडे वळतो. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील विद्यार्थ्याला प्रवेश देऊ नये, माध्यमिक परीक्षेनंतरच द्यावा, गुणांची वा क्रमांकाची हमी देणाऱ्या जाहिराती करू नयेत, विद्यार्थ्याने मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क परत करावे, असे त्यांत सांगितले आहे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे आणि ती कशी होते ते आपण पाहतोच. तरीही आठवीच्या मुलाचे दोन-तीन वर्षांचे शुल्क एकरकमी मागणाऱ्यासमोर हा कागद ठेवण्याचा आपल्याला अधिकार आहे. बाजारात माल न पाहता पूर्ण पैसे आगाऊ मोजणारा व्यापारी मी जरीपटक्यात अद्याप पाहिला नाही; मग मुलाच्या बाबतीतच आपला व्यवहार कुठे जातो?

अकरावी-बारावीत चांगला शिक्षक मिळत असेल तर शिकवणी लावण्यास माझा विरोध नाही. परंतु एक प्रथा आहे, तिला मात्र माझा पूर्ण विरोध आहे. महाविद्यालयात नावापुरता प्रवेश, हजेरी कागदावर, प्रयोगशाळेचे तोंडही पाहायचे नाही, आणि दिवसभर शिकवणीच्या वर्गात. याला 'इंटिग्रेटेड' असे गोंडस नाव आहे. मुलगा सोळाव्या वर्षी पहिला धडा कोणता शिकतो? की खोटी हजेरी चालते, आई-वडिलांच्या संमतीने चालते. भौतिकशास्त्र नंतर शिकता येईल, हा धडा नंतर पुसता येत नाही. त्यातून व्यावहारिक तोटाही आहे. आयआयटी आणि एनआयटीच्या प्रवेशासाठी बारावीत सर्वसाधारण प्रवर्गाला पंच्याहत्तर टक्के गुण, अथवा मंडळाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असणे लागते. क्रमांक मिळूनही येथे अडखळलेली मुले दरवर्षी असतात.

आणि याहून गंभीर एक गोष्ट. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला होता. या सर्वांमागे परीक्षाच होती असे मी म्हणत नाही. कारणे अनेक असतात. परंतु जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे यांच्यासाठी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभर लागू होणारी मार्गदर्शक तत्त्वे घालून द्यावी लागली, यावरून प्रश्न कोणत्या थराला गेला आहे ते कळते. आठवीतल्या मुलाला आपण "तू आयआयटीत जाणार" असे पाहुण्यांसमोर सांगतो, तेव्हा कौतुक म्हणून सांगतो. त्याला ते कर्जासारखे ऐकू येते. चार वर्षे तो ते व्याजासह मोजत असतो. मूल अचानक गप्प झाले, जेवणावरून उठू लागले, गुण लपवू लागले, तर त्या दिवशी अभ्यासाचा विषय काढू नका. जवळ बसा, आणि गरज वाटली तर डॉक्टरांकडे न्या. त्यात कमीपणा नाही.

जेईई ॲडव्हान्स्ड सलग दोन वर्षेच देता येते. तेव्हा बारावीनंतर एक वर्ष थांबणे हा पर्याय आहे, पण ते मुलाने मागितले तर. शेजाऱ्यांनी मागितले म्हणून नव्हे.

धोंडो केशव कर्व्यांची, म्हणजे महर्षी अण्णासाहेबांची कथा अनेकांना ठाऊक असेल. १८७५ साली सतरा वर्षांचा हा मुलगा कोकणातल्या मुरुडहून परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेला. घाट, रान ओलांडत शंभराहून अधिक मैलांचा तो प्रवास होता. तेथे पोहोचल्यावर, हा सतरा वर्षांचा दिसत नाही असे म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. तो परत आला, आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन उत्तीर्ण झाला. आपल्या घरी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. पण मी ती सांगतो आहे त्याला आणखी एक कारण आहे : आजही परीक्षेच्या दारातून मुले परत येतात ती बऱ्याचदा कागदांमुळे.

दहावीच्या आधीच पुढील कागद पाहून घ्या. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांतील नाव अक्षरशः एक आहे का? आपल्या आडनावांचे इंग्रजी लेखन तर एका घरात तीन प्रकारे असते. नाव दुरुस्ती शाळेत असताना सोपी, दहावीच्या गुणपत्रिकेवर छापून आल्यावर कठीण. राखीव प्रवर्गात येत असाल तर जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा. राज्यातील व्यावसायिक प्रवेशांत त्याच्या अभावी जागा हातची जाते. केंद्रीय संस्थांसाठी नॉन-क्रिमीलेअर आणि आर्थिक दुर्बल घटकाची प्रमाणपत्रे केंद्राच्या नमुन्यात, आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरची लागतात. मागच्या वर्षीचे चालत नाही.

येथे काही कुटुंबे अशीही आहेत जी फाळणीच्या वेळी नव्हे, तर गेल्या काही दशकांत छळ सोसून पाकिस्तानातून आली आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिली. त्यांच्या मुलांसाठी नागरिकत्वाचा कागद हाच प्रवेशाचा पहिला कागद आहे. विदेशी विद्यार्थ्याला प्रवेशाचा मार्ग आणि शुल्क दोन्ही वेगळे लागतात. २०१६ साली केंद्राने नागपूरसह ठरावीक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी २०१९ चा सुधारणा कायदा आहे आणि मार्च २०२४ मध्ये त्याचे नियमही लागू झाले. ज्यांचे प्रकरण अपुरे आहे त्यांनी मूल आठवीत असतानाच पाठपुरावा करावा. शेजाऱ्यांनी अर्ज भरण्यास हात द्यावा. बारावीच्या निकालानंतर सुरू केलेली धावपळ बहुधा एक वर्ष घेऊन जाते.

दहावीनंतरच्या विषयनिवडीबद्दल एकच सांगतो. गणित सहजासहजी सोडू नका. वाणिज्य शाखेला जाणाऱ्यांनीही नको. दिल्ली विद्यापीठासह केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेश २०२२ पासून सीयूईटीने होतात, आणि दिल्लीत अर्थशास्त्र ऑनर्सला गणित लागते. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताचा स्वतंत्र पेपर असतो.

मुलींच्या पालकांना वेगळे सांगायचे आहे. आयआयटीने २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा निर्माण केल्या आणि २०२० पर्यंत त्यांचे प्रमाण वीस टक्क्यांवर नेले. एनडीएचे दार मुलींना २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उघडले, २०२२ मध्ये पहिल्या मुली खडकवासल्यात दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांची पहिली तुकडी संचलन करून बाहेर पडली. "मुलीला नागपुरातच मिळाले तर बघू" असे दहावीतच ठरवून टाकणारे वडील या सभागृहातही असतील. मुलीची गणिताची वही आज रात्री एकदा उघडून पाहा आणि मग ठरवा.

माझे बोलणे येथे थांबवतो. ज्यांना कागदपत्रांविषयी विचारायचे आहे त्यांनी समोरच्या टेबलाशी यावे. विषयांविषयीचे प्रश्न असतील तर ते मुलांनीच विचारावेत, पालकांनी त्यांच्या वतीने नको.